कमी दिवसांत नर्स: काय कापलं, काय राखलं



बचत गटाच्या बैठकीत पूर्वी कर्जाच्या मागण्या ठरलेल्या असायच्या. शेळी, शिलाई मशीन, बी-बियाणं, घराचे पत्रे. आता त्यात एक नवी मागणी यायला लागली आहे. लेकीच्या किंवा सुनेच्या नर्सिंगच्या फीसाठी कर्ज. आणि या मागणीच्या मागोमाग एक प्रश्न हमखास येतो. ‘पोरगी बीए झाली आहे, आता परत तीन-चार वर्षं कुठं शिकत बसायची? लवकर नर्स होता येत नाही का?’ तालुक्याला एसटी स्टँडजवळ पाट्या लागलेल्या असतात. सहा महिन्यांत नर्सिंग, नोकरीची हमी. आपल्या बायका त्या पाट्या वाचतात आणि बैठकीत येऊन विचारतात.

आम्ही गटांचं काम बघणाऱ्या जणींनी ठरवलं, की याचं नुसतं हो किंवा नाही असं उत्तर देऊन भागणार नाही. कारण कमी दिवसांत नर्स घडवण्याचे प्रयत्न खरोखर झालेले आहेत. अमेरिकेत तर त्याला शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे. तिथं दुसऱ्या कुठल्याही विषयात पदवी घेतलेली बाई आज वर्ष-दीड वर्षात नर्सिंगची पदवी मिळवू शकते. आपण तिला वेगवान पदवी म्हणू. ती कशी सुरू झाली, तिच्यात शिरणाऱ्या बाईच्या वाट्याला काय येतं, आणि अभ्यास छोटा करताना कशाला कात्री लावली न् कशाला लावली नाही, हे आज सांगायचं आहे. हे समजलं की स्टँडजवळची पाटी कशी वाचायची, तेही समजेल.

एक वर्षाची तीन वर्षं कशी झाली

आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या ते १८८६ साल. त्याच्या तेरा वर्षं आधी, १८७३ मध्ये, बॉस्टन शहरात लिंडा रिचर्ड्स नावाची बाई नर्सिंग शिकून बाहेर पडली. अमेरिकेतली पहिली प्रशिक्षित नर्स म्हणून तिचं नाव घेतात. तिचा अभ्यासक्रम होता एका वर्षाचा. त्याच इस्पितळातून १८७९ मध्ये मेरी महोनी शिकून बाहेर पडली. रीतसर प्रशिक्षण पुरं करणारी ती पहिली कृष्णवर्णीय अमेरिकन नर्स. तिचा अभ्यासक्रम १६ महिन्यांचा होता. दिवस पहाटे सुरू व्हायचा आणि रात्री संपायचा. तिच्याबरोबर दाखल झालेल्या मुलींपैकी शेवटपर्यंत टिकलेल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. म्हणजे अभ्यास दिवसांनी छोटा असला म्हणून सोपा नव्हता, हे तेव्हापासूनच दिसतं.

पुढं हाच अभ्यास दोन वर्षांचा आणि मग तीन वर्षांचा झाला. का झाला? शिकायचं वाढलं, हे एक कारण. जंतूंमुळे रोग होतात हे कळलं होतं, शस्त्रक्रिया वाढल्या होत्या, औषधं वाढली होती. पण दुसरंही एक कारण होतं, आणि ते आपल्याला चटकन कळेल. इस्पितळांना फुकटात राबणारे हात मिळत होते. शिकाऊ मुली वॉर्ड झाडायच्या, भांडी घासायच्या, चादरी मोजायच्या, रात्रपाळ्या करायच्या. बदल्यात जेवण, राहणं आणि थोडा हातखर्च. शिकून तयार झालेल्या नर्सला इस्पितळ नोकरीवर ठेवत नसे. ती बाहेर लोकांच्या घरी जाऊन आजाऱ्याची सेवा करून पोट भरायची, आणि तिच्या जागी इस्पितळात नव्या शिकाऊ मुली यायच्या. नवीन सुनेला ‘घरचं वळण लागू दे’ म्हणून वर्षानुवर्षं भांडी घासायला लावावीत, तशातलाच हा प्रकार. वळणाच्या नावाखाली काम उरकून घ्यायचं.

म्हणून त्या तीन वर्षांत खरं शिकणं किती आणि राबणं किती, हा प्रश्न तिथल्याच काही बायका विचारायला लागल्या. त्याचं उत्तर शोधायची वेळ आणली ती युद्धानं.

१९१८ चा उन्हाळा

पहिल्या महायुद्धात अमेरिका १९१७ मध्ये उतरली. जखमी सैनिकांसाठी नर्सेस समुद्रापार पाठवायच्या होत्या, आणि घरच्या इस्पितळांतही माणूस हवं होतं. तीन वर्षं थांबायला वेळ नव्हता. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठी व्हॅसर नावाचं मुलींचं कॉलेज आहे. उन्हाळ्यात ते रिकामं असायचं. १९१८ च्या उन्हाळ्यात तिथं एक शिबिर भरलं. अट अशी, की येणारी बाई आधीच पदवीधर पाहिजे. विषय कुठलाही चालेल. शंभराहून जास्त कॉलेजांतून शिकलेल्या चारशेच्या वर बायका आल्या.

बारा आठवडे त्यांना शिकवलं. शरीराची रचना, शरीराचं काम कसं चालतं, जंतुशास्त्र, रसायन, आहार, स्वच्छता, मनाचं शास्त्र. सकाळी वर्ग, नंतर प्रयोगशाळा, शिवाय अंथरूण घालणं, आजाऱ्याला अंघोळ घालणं, पट्टी बांधणं. बारा आठवडे झाल्यावर त्यांना वेगवेगळ्या इस्पितळांत पाठवलं, आणि तिथं त्यांनी पुढची साधारण दोन वर्षं रोग्यांमध्ये काढली. एकूण हिशेब केला तर तीन वर्षांतले जेमतेम सहा-नऊ महिने वाचले.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. हे शिबिर बारा आठवड्यांचं होतं, पण नर्स बारा आठवड्यांत होत नव्हती. बारा आठवड्यांत फक्त पुस्तकी पाया घातला जात होता. कॉलेज केलेल्या बाईला वाचायची, टिपणं काढायची, परीक्षा द्यायची सवय होती, म्हणून तो पाया भरभर घालता आला. वॉर्डातली दोन वर्षं मात्र राखून ठेवली होती. आणि ती लागणारच होती. कारण या बायका सप्टेंबरात इस्पितळांत पोचल्या, आणि त्याच सुमाराला इन्फ्लुएंझाची मोठी साथ अमेरिकेत पसरली. आपल्याकडेही त्याच साथीत माणसं पटापट गेली, मुंबई इलाख्यात गावंच्या गावं आजारी पडली. नवख्या मुलींना पहिल्याच महिन्यात भरलेले वॉर्ड बघावे लागले.

त्या शिबिरातली एक बाई म्हणजे कॅथरीन डेन्सफर्ड. इतिहासात एमए केलेली आणि शाळेत शिकवणारी. बीए-एमएवाली नर्सिंगला काय करणार, असं कुणी म्हणालं तर हे नाव सांगा. ही बाई पुढं मिनेसोटा विद्यापीठाच्या नर्सिंग शाळेची प्रमुख झाली आणि १९३० ते १९५९ अशी २९ वर्षं तिनं ती शाळा चालवली. ती पुढच्या गोष्टीत पुन्हा भेटणार आहे.

राबणं वेगळं, शिकणं वेगळं

युद्ध संपलं. १९२३ मध्ये जोसेफिन गोल्डमार्क या बाईंनी नर्सिंग शिक्षणाची पाहणी करून एक मोठा अहवाल दिला. त्यात त्यांनी आपल्या गटाच्या वहीसारखा चोख हिशेब मांडला. मुलगी दिवसभर काय करते? त्यातलं शिकण्याचं किती, आणि नुसतं इस्पितळाचं काम उरकणं किती? एकच काम हाताला बसल्यावरही पुन्हा पुन्हा शेकडो वेळा करून घेतलं, तर ते शिक्षण नव्हे. हे राबणं काढून टाकलं आणि सुरुवातीचा पाया नीट घातला, तर ३६ महिन्यांचा अभ्यास २८ महिन्यांत चांगला होऊ शकतो, असं त्यांनी दाखवलं.

त्याच साली येल विद्यापीठात नर्सिंगची शाळा निघाली. ॲनी गुडरिच तिच्या प्रमुख झाल्या. इस्पितळाच्या गरजेप्रमाणे नव्हे, तर मुलीच्या शिकण्याच्या गरजेप्रमाणे वेळापत्रक आखायचं, असा तिथला कायदा. १९३४ पासून तर येलनं पदवीधर मुलींनाच प्रवेश द्यायचं ठरवलं. आज जी वेगवान पदवी आहे, तिची बीजं अशी पडली. आधी शिकलेलं मोजायचं आणि राबणं वगळायचं.

फी माफ, गणवेश आणि महिन्याला हातखर्च

मग दुसरं महायुद्ध आलं आणि नर्सेस पुन्हा कमी पडायला लागल्या. ओहायो राज्यातून निवडून आलेल्या फ्रान्सिस बोल्टन या बाई अमेरिकेच्या संसदेत होत्या. त्यांनी मांडलेला कायदा १९४३ मध्ये झाला आणि त्यातून ‘कॅडेट नर्स कोअर’ उभी राहिली. तिच्या प्रमुखपदी ल्युसिल पेट्री ही नर्सच होती. वय १७ ते ३५, तब्येत चांगली आणि शाळा पुरी झालेली असली, की मुलीला अर्ज करता येत होता. धर्म, वंश, रंग बघून कुणाला नाकारायचं नाही, असं कायद्यातच लिहिलं होतं. सुमारे तीन हजार कृष्णवर्णीय मुली यातून शिकल्या. जपानी वंशाच्या शेकडो मुलीही शिकल्या. युद्धाच्या काळात त्यांच्या समाजातल्या लोकांना सरकारनं छावण्यांत डांबलं होतं, हे लक्षात घेतलं म्हणजे या संधीची किंमत कळते.

आता गटातल्या बायकांनी नीट ऐकण्याजोगी गोष्ट. सरकारनं काय दिलं? फी माफ. पुस्तकं फुकट. गणवेश फुकट. राहणं-जेवण फुकट. आणि शिवाय दर महिन्याला हातात रोख रक्कम. पहिले नऊ महिने १५ डॉलर, पुढं २० डॉलर, आणि शेवटच्या सहा महिन्यांत कमीत कमी ३० डॉलर. बदल्यात मुलीनं एवढंच कबूल करायचं, की युद्ध संपेपर्यंत जिथं गरज असेल तिथं नर्सचं काम सोडणार नाही.

अभ्यास कसा बसवला? ३६ महिन्यांचं शिकणं ३० महिन्यांत किंवा त्याहून कमी वेळात शाळेनं संपवायचं. उरलेले महिने मुलीनं शिकलेल्या नर्सच्या देखरेखीखाली जवळजवळ पूर्ण नर्ससारखं काम करायचं. म्हणजे इथंही एकूण तीन वर्षं तशी धरलेलीच होती. शिकवणं पुढं ओढून घेतलं आणि शेवटचे महिने कामाला मोकळे केले.

सुमारे १ लाख ८० हजार मुलींनी नावं नोंदवली. त्यांतल्या सुमारे १ लाख २४ हजार जणींनी शिक्षण पुरं केलं. १९४५ च्या सुमाराला अमेरिकेतल्या इस्पितळांत जी शुश्रूषा व्हायची, तिच्यातली ८० टक्के या शिकाऊ मुलींच्या हातून होत होती, असा अंदाज आहे. डेन्सफर्डबाईंच्या मिनेसोटातल्या शाळेनं तर एकट्या हजारावर कॅडेट घडवल्या. १९१८ च्या उन्हाळ्यात स्वतः भरभर शिकलेली बाई, पंचवीस वर्षांनी दुसऱ्यांना भरभर शिकवत होती.

पण दुसरी बाजूही बघा. नाव नोंदवलेल्या तीन जणींमागे जवळजवळ एक जण शेवटापर्यंत पोचली नाही. फी नव्हती, वर हातखर्च होता, तरीही. आणि ज्या पोचल्या त्यांना युद्ध संपल्यावर पुढची कित्येक दशकं माजी सैनिकांचा दर्जा मिळाला नाही. ज्यांनी देशाची इस्पितळं उभी ठेवली, त्यांचं नाव सैनिकांच्या वहीत आलं नाही. बायकांचं काम वहीत चढत नाही, ही गोष्ट सगळीकडं सारखीच.

वर्षभराची पदवी

१९५२ मध्ये मिल्ड्रेड माँटॅग या बाईंच्या विचारावर दोन वर्षांच्या नर्सिंग शिक्षणाचा प्रयोग अमेरिकेतल्या सात ठिकाणी सुरू झाला. त्यामागची गोष्ट तीच. इस्पितळाची चाकरी वगळा, शिकणं तेवढं ठेवा. आणि १९७१ मध्ये सेंट लुईस विद्यापीठानं दुसऱ्या विषयात पदवी घेतलेल्यांसाठी एका वर्षाची नर्सिंग पदवी सुरू केली. अमेरिकेतली ही पहिली वेगवान पदवी. आज तिथं असे शेकडो अभ्यासक्रम आहेत, आणि ते साधारण ११ ते १८ महिन्यांत पुरे होतात.

त्यात शिरणाऱ्या बाईच्या वाट्याला काय येतं, ते आता सांगतो.

एक, अभ्यास पदवीच्या आधीच सुरू होतो. शरीररचना, शरीराचं कार्य, सूक्ष्मजीव, रसायन, आहार, संख्याशास्त्र असे विषय आधी चांगल्या गुणांनी पास व्हावे लागतात. इतिहास किंवा वाणिज्य शिकलेल्या बाईचे त्यात कित्येक महिने जातात. जाहिरातीत एक वर्ष म्हणतात, तेव्हा हे महिने बहुतेक वेळा मोजलेले नसतात.

दोन, सुट्टी जवळजवळ नसते. एरवी चार वर्षांत उन्हाळ्याच्या, सणांच्या ज्या सुट्ट्या येतात, त्या इथं अभ्यासानं भरून काढलेल्या असतात. या आठवड्यात शिकवलं, की पुढच्या आठवड्यात परीक्षा. आठवडाभर तापानं झोपून राहिलं, तर मागं पडलेलं भरून काढणं फार अवघड जातं.

तीन, औषधाचा हिशेब पक्का लागतो. डॉक्टरनं ५०० मिलिग्रॅम लिहिलं आणि गोळी २५० ची असली, तर दोन गोळ्या. हे सोपं वाटतं. पण इंजेक्शनात, सलाइनच्या थेंबांत, लहान मुलाच्या वजनावर औषध काढताना एक दशांश चिन्ह चुकलं, तर औषध दहापट होतं. म्हणून अनेक कॉलेजांत या परीक्षेत नुसतं पास होऊन चालत नाही, जवळजवळ सगळी गणितं बरोबर यावी लागतात.

चार, वॉर्डातले तास कमी होत नाहीत. आधी पुतळ्यावर सराव, मग खरा रोगी. औषधोपचाराचा वॉर्ड, शस्त्रक्रियेचा वॉर्ड, बाळंतपण, लहान मुलं, मनाचे आजार, आणि वस्तीत जाऊन करायचं काम. पाळ्या पुष्कळदा बारा-बारा तासांच्या. चार वर्षं शिकणारी मुलगी रोग्याजवळ जेवढे तास काढते, तेवढेच हिलाही काढावे लागतात, फक्त कमी महिन्यांत. शेवटी परवान्याची परीक्षाही दोघींना एकच. तिथं कुणी किती महिन्यांत शिकलं, हे विचारत नाहीत.

पाच, नोकरी करत हे शिकणं जवळजवळ अशक्य असतं. पुष्कळ कॉलेजं प्रवेश देतानाच सांगतात, की या काळात नोकरी करू नका. म्हणजे फीचा खर्च एका वर्षात एकदम अंगावर येतो आणि त्याच वर्षी घरात येणारा पैसा थांबतो. त्यात सरकारी मदतीपैकी बरीचशी पहिल्या पदवीपुरतीच असते. इथं शिकणाऱ्या पुष्कळ बायका तिशीतल्या, लेकुरवाळ्या. तेव्हा स्वयंपाक कोण करणार, पोराला शाळेतून कोण आणणार, हे प्रवेशाआधी ठरवावं लागतं.

आता हा सगळा इतिहास एकत्र ठेवून बघा. अभ्यास छोटा करताना तीन गोष्टींना कात्री लागली. आधी शिकलेलं परत शिकवणं, मधल्या सुट्ट्या, आणि इस्पितळाचं फुकटचं राबणं. रोग्याजवळ बसून शिकण्याच्या वेळेला मात्र हात लावताना प्रत्येकानं विचार केला. १९१८ मध्ये युद्ध दारात असताना दोन वर्षं राखली, १९४३ मध्ये शेवटचे महिने वॉर्डाला दिले, आणि आजही तास तेवढेच आहेत. वाचलेल्या वेळाची किंमत कुणीतरी भरलेली असते. कॅडेटच्या वेळी ती सरकारनं भरली. आजच्या वेगवान पदवीत ती बाई आणि तिचं घर भरतं.

आपल्याकडं काय आहे

आपल्या देशात नर्सिंगची पदवी १९४६ मध्ये दिल्ली आणि वेल्लोर इथं सुरू झाली. १९४७ च्या कायद्यानं भारतीय परिचर्या परिषद आली. आज आपल्या मुलींपुढं मुख्य वाटा तीन आहेत. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं, आणि बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. बीएस्सी नर्सिंगला बारावी विज्ञान, त्यात भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं. एएनएमला कुठल्याही शाखेची बारावी चालते, आणि जीएनएमचं दारही कला शाखेच्या मुलींना बंद नाही. मात्र गुणांची, वयाची आणि प्रवेश परीक्षेची अट असते, आणि त्या अटी बदलत असतात. म्हणून दर वर्षी जिल्हा रुग्णालयाच्या नर्सिंग शाळेत जाऊन ताजी माहिती घ्यावी.

बीए झालेल्या मुलीसाठी एका वर्षाची नर्सिंग पदवी आपल्याकडं नाही. तिचं बीए वाया जात नाही, पण त्यामुळं नर्सिंगचं एक वर्षही कमी होत नाही. तिची बारावीच बघितली जाते. आपल्याकडची वेळ वाचवणारी वाट वेगळी आहे. जीएनएम झालेल्या नर्सला पुढं दोन वर्षांत पदवी घेता येते. तिला पोस्ट बेसिक बीएस्सी म्हणतात. म्हणजे शिकलेलं पुन्हा शिकवायचं नाही, हे तत्त्व इथंही आहे, फक्त ते नर्सिंगमधलं शिकणं मोजतं.

एएनएमचा इतिहासही सांगण्यासारखा आहे. १९७० च्या दशकात तो अभ्यास दीड वर्षावर आणला होता, कारण गावोगावच्या उपकेंद्रांना लवकर माणूस हवं होतं. पुढं तो पुन्हा दोन वर्षांचा झाला, आणि त्यात प्रत्यक्ष कामाचे सहा महिने आले. बाळंतपणाला एकटीनं उभं राहायचं, तर हाताला सराव लागतो. उपकेंद्रातल्या सिस्टरच्या भरवशावर ज्यांची बाळंतपणं झाली, त्या आपण सगळ्या जणी हे जाणतो.

मग स्टँडजवळची सहा महिन्यांची पाटी काय सांगते? दोन गोष्टी असू शकतात. रोग्याला अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं, खुर्चीवरून नेणं, अशा मदतनिसाच्या कामाचे काही महिन्यांचे खरे अभ्यासक्रम असतात. ते काम प्रामाणिक आहे, त्याला पगार मिळतो, त्यात कमीपणा काही नाही. पण ती मदतनीस असते, नर्स नसते. तिला महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नर्स म्हणून नोंद मिळत नाही आणि सरकारी नर्सच्या जागेला अर्ज करता येत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे मान्यता नसलेल्या वर्गानं ‘नर्सिंग’ शब्द लावून फी घ्यायची आणि शेवटी शोभेचा कागद द्यायचा. असा कागद घेऊन बसलेल्या मुली आम्हाला गावोगाव भेटतात. आईनं गटाचं कर्ज काढलेलं असतं. कागद निरुपयोगी निघतो आणि हप्ता मात्र चालू राहतो.

म्हणून गटानं नर्सिंगसाठी कर्ज मंजूर करताना वहीत काही प्रश्न लिहून ठेवावेत. या शाळेला परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, आणि ती आम्ही स्वतः परिषदेकडं तपासली का? अभ्यास संपल्यावर कुठली नोंदणी मिळणार? मुलींना कुठल्या इस्पितळात पाठवतात, तिथं किती खाटा आहेत, आणि रोग्याजवळ किती महिने काम मिळतं? कुणी म्हणालं, ‘आमच्याकडं लवकर होतं’, तर सरळ विचारावं, ‘तुम्ही काय कापलं?’ सुट्ट्या कापल्या असतील तर ठीक. वॉर्ड कापला असेल, तर ती शाळाच नाही. फी भरली की पावती घ्यावी, आणि मुलीचे मूळ दाखले कुणाकडं अडकवून ठेवू नयेत.

आणि एक प्रश्न आपण स्वतःलाही विचारायचा आहे. कॅडेट मुलींना फी माफीबरोबर महिन्याचा हातखर्चही दिला गेला, तो उगीच नाही. शिकणारी मुलगी फी भरल्यावरही अडते. एसटीच्या पासाला, बुटांना, खोलीच्या भाड्याला, आजारी पडल्यावर औषधाला. घरी पोर असेल तर त्याच्या काळजीनं अडते. तेव्हा गटाचं कर्ज सगळं एकदम फीत न घालता, थोडी रक्कम दर महिन्याला तिच्या हातात येईल असं बसवता येईल का? हप्ता शिकणं संपून नोकरी लागेपर्यंत नुसत्या व्याजाचा ठेवता येईल का? सून शिकायला गेली तर तिचं पोर आठवड्यातले दोन दिवस शेजारच्या काकूंकडं राहील, हे बैठकीतच ठरवता येईल का? काही गट एकमेकींची पेरणी, काढणी सावडीनं करतात. शिकणाऱ्या बाईच्या घरची सावड करणं त्याहून अवघड नाही.

येत्या बैठकीला ज्यांच्या घरात नर्सिंगचा विचार चालला आहे, त्यांनी मुलीचा बारावीचा गुणपत्रक आणि त्या शाळेचं माहितीपत्रक घेऊन यावं. ते कागद आपण मिळून वाचू, आणि कर्जाचं मग ठरवू.